रांजणाखालचा दाखला

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून मी तसं काहीच लपवत नाही, असं मी चारचौघांत मोठ्या तोऱ्यात सांगत आलो. निवृत्त झालो तेव्हा मेहकरच्या शाळेत शाल-नारळ दिलं. एक जण बोलता बोलता म्हणाला, गुरुजींनी कुणाचं कधी वाकडं केलं नाही. मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, विनय. विनय कसला?

सांगायला बसलो तर आहे, पण सुरुवात कुठून करू? माझ्या जन्मतारखेपासूनच करतो. माझी जन्मतारीख एक जून आहे. माझ्या वयाच्या खेड्यातल्या अर्ध्या माणसांची तीच आहे, तुम्हाला ठाऊक असेल. आम्ही धाड गावाकडचे, जातीने माळी, बापाचा वांग्या-मिरचीचा मळा. बाप मला हाताला धरून शाळेत घेऊन गेला तेव्हा गुरुजींनी विचारलं, जन्म कधीचा? बाप म्हणाला, मिरच्या लाल होत होत्या तवाचा. गुरुजी हसले, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि एक जून टाकून मोकळे झाले. ना दाखला, ना साक्षीदार. त्या एका अंदाजावर मी शिकलो, मास्तर झालो, पेन्शन खातो आहे. हे लक्षात ठेवा. मी ते विसरलो होतो — नाही, विसरलो नव्हतो. विसरलो असतो तर बरं झालं असतं.

महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि मी मलकापुरात शिक्षक होतो. माझं अक्षर चांगलं, भाषा बरी, म्हणून वरच्या कचेरीतून माझ्याकडे एक काम आलं. बाहेरून येऊन गावात स्थायिक झालेल्या दोन समाजांची पाहणी करायची. कोण किती पुढे गेलं, कोण का मागे राहिलं, मुलं शिकतात की नाही, याचं तुलनात्मक टिपण लिहायचं. मी दोन समाज निवडले. एक मारवाडी व्यापाऱ्यांचा आणि एक वडारांचा, म्हणजे दगड फोडणाऱ्या-घडवणाऱ्यांचा. दोघेही आगगाडीबरोबर आलेले. एकांचे पणजे रुळांवरून आले, दुसऱ्यांच्या पणज्यांनी त्या रुळांखालची खडी फोडली. दोघांचीही घरात बोलायची भाषा वेगळी. आता एकांच्या कापसाच्या पेढ्या आणि दुमजली घरं, मुलं अकोल्या-नागपूरला शिकणारी. दुसरे रुळांपलीकडे खाणीच्या कडेला, झोपड्यांत. असं का झालं असावं? केवढा गोड प्रश्न! मी खूश झालो. उत्तर मला आधीच येत होतं ना.

मारवाड्यांच्या घरी मी सात-आठ दिवस गेलो. वडारांच्या वस्तीत — हे लिहितानाही लाज वाटते — एकदाच, तेही दुपारी. तेव्हा सगळे खाणीवर. झोपड्यांची दारं दोरीने बांधलेली, एक म्हातारी उन्हात बसलेली, तिला माझं बोलणं समजेना. मी परत आलो आणि लिहिलं: या लोकांना शिक्षणाची ओढ नाही. काळ्याभोर शाईत, ठसठशीत, ओळीच्या मधोमध. ते वाक्य मला फार आवडलं होतं.

एका शेठजींनी मला सरळ सांगितलंही होतं. म्हातारा मोठा शहाणा माणूस. म्हणाला, "गुरुजी, माझे पणजोबा लोटा-डोर घेऊन आले हे खरं. पण उतरले त्या दिवशी आमच्याच माणसानं ओट्यावर झोपायला जागा दिली, जेवू घातलं, दुकानात बसवलं. ते तुम्ही आमच्या मेहनतीत कसं धरता?" आणि पुढे म्हणाला, दगडवाल्यांना तर ठेकेदार पुलावरून पुलावर हाकत नेत होता, त्यांची चूल एका जागी दोन पावसाळे राहिली नाही. हे सारं मी ऐकलं. ऐकून मान डोलावली. आणि टिपणात यातला एक शब्द घातला नाही. का? कारण त्यानं माझं ते वाक्य बिघडत होतं. त्याच बैठकीत शेठजींनी नातवाला पुढं केलं, यंदा शाळेत घाला म्हणाले. जन्माचा कागद मुंबईच्या घरी कुठल्या तरी पेटीत होता. मी म्हटलं, राहू द्या, आणि तिथंच चहा पिता पिता वहीत एक जून टाकला.

त्यानंतर आठ दिवसांत नागूबाई शाळेत आली.

ती आमच्या ओळखीची होती. वडारांच्या बायका टाकी-हातोडी घेऊन गल्लीतून फिरत, घरोघरचे गुळगुळीत झालेले पाटे-जाती टोचून खरबरीत करून देत. आमच्या पाट्यालाही तीच टाकी लावायची. तिच्यासोबत सात-आठ वर्षांची मुलगी होती, दुर्गी. "गुरुजी, माह्या पोरीले शाळेत घ्या जी," एवढंच ती म्हणाली. मी पोरीला सहज विचारलं, काही येतं का गं? तिनं भिंतीवरच्या कोनशिलेकडे बोट केलं आणि वाचलं — "यांचे स्मरणार्थ." मी चाटच पडलो. तिचा बाप हणमंतू अशा शिला कोरायचा. कुणीतरी खडूनं अक्षरं काढून द्यायचं आणि तो त्यांवरून टाकी चालवायचा. त्याला वाचता येत नव्हतं. पण पोरगी शेजारी बसून, येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारून विचारून शिकली होती. तिला 'कमळ' वाचता येईना, 'घर' येईना. 'स्मरणार्थ' येत होतं, 'कैलासवासी' येत होतं.

आणि मी काय केलं? मी म्हणालो, जन्माचा दाखला आणा. लेखी. पक्का. त्याशिवाय नाव घालता येत नाही.

हे माझ्या तोंडून आलं — माझ्या, मिरच्या लाल होताना जन्मलेल्या माणसाच्या! पुढच्या बाकांवरच्या मुलांचे बाप काय म्हणतील, ही धास्ती होती हे कबूल करतो. पण खरं कारण त्याहून खुजं आहे. टिपणाची पक्की प्रत तयार होती. त्या पोरीचं नाव हजेरीपटावर आलं असतं तर ते वाक्य मला खोडावं लागलं असतं. नागूबाईनं दोनदा विचारलं, "लिहेल पाहिजे? पक्कं?" मी म्हटलं, हो, पक्कं. मला वाटलं, पुन्हा येत नाही ती.

ती आली. पंधरा दिवसांनी, मधल्या सुट्टीत, नवरा-बायको दोघं. नागूबाईच्या डोक्यावर गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी जड. हणमंतूनं ते दोन्ही हातांनी उतरवून शाळेच्या ओसरीवर ठेवलं आणि बाजूला उभा राहिला. "दाखला आणला जी," तो म्हणाला.

दगड होता. हातभर लांब, वीतभर रुंद, घासून तुळतुळीत केलेला. मी गोणपाट वरच्या बाजूनं थोडं सारलं. वर कोरलं होतं: दुर्गा हणमंतू. त्याखाली: जन्म, मोठ्या पुलाच्या साली, पोळ्याच्या दिवशी. स्टेशनासमोरच्या पाट्या रंगवणाऱ्याकडून अक्षरं काढून घेतली होती. मोठी माणसं आपलं लेखी ठेवायचं ते दगडावरच ठेवतात, हे त्यानं जन्मभर पाहिलेलं. शाळेच्या भिंतीवर दगड, धर्मशाळेच्या भिंतीवर दगड. मग पक्कं म्हणजे आणखी काय असणार? त्या क्षणी मी सगळं गोणपाट उघडायला हवं होतं. मी ते होतं तसं झाकलं. म्हणालो, साहेबांना विचारावं लागेल, दिवाळीनंतर या.

ते गेले. "येतो जी" म्हणून, खुशीत गेले. शाळा सुटल्यावर मी एकट्यानं तो दगड, गोणपाटासकट, ओसरीच्या कोपऱ्यात पालथा घातला आणि त्यावर पिण्याच्या पाण्याचा रांजण ठेवला. रांजणाची बैठक आधीपासून डुगडुगत होती, हे कारण मी माझं मलाच सांगितलं. खूप चांगली बसली ती.

इथपर्यंत अजूनही काही बिघडलं नव्हतं. दिवाळीनंतर नाव घालता आलं असतं. पण दिवाळीआधी बुलढाण्याहून, त्या वरच्या कचेरीतले साहेब आले. माझं टिपण त्यांना आवडलं होतं. पण साहेब सरळ मनाचे. वडारांच्या वस्तीत शाळेचा एक वर्ग उघडावा का, हे त्यांना ठरवायचं होतं. त्यांनी वस्तीतली चार माणसं बोलावून घेतली. त्यांत हणमंतू होता. ओसरीवर खुर्ची टाकली, मी रांजणातलं पाणी भरून साहेबांना दिलं. ते प्याले, आणि पेला हातात धरून त्यांनी मला विचारलं, यांच्यापैकी कुणी कधी मूल शाळेत घालायला आलं होतं का?

मी म्हणालो, "नाही साहेब. कुणीच नाही."

किती सहज निघालं! जीभ अडखळली नाही, घाम फुटला नाही. माझा मलाच धक्का बसला. मला वाटत होतं, खोटं बोलताना माणसाला काहीतरी होत असेल.

हणमंतू रांजणाकडे पाहत होता. गोणपाटाची कड बाहेर आली होती. आणि दगड घडवणाऱ्याला आपला दगड पालथा असला तरी ओळखू येतो, त्याला काय अक्षरं लागतात? त्यानं दगडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. साहेबांनीच त्याला विचारलं, काय रे, गुरुजी म्हणतात ते खरं?

तो बोलला असता तर मी संपलो होतो. त्यानं हात जोडले. म्हणाला, "गुरुजी म्हन्तेत तसंच हाये जी."

त्यानं माझं खोटं झाकलं. का झाकलं हे मला त्याच क्षणी कळलं. दिवाळीनंतर त्याच्या पोरीचं नाव मी घालणार होतो ना! ते नाव माझ्या हातात होतं. म्हणून साहेबांसमोर त्यानं स्वतःला, स्वतःच्या सगळ्या वस्तीला, शिक्षणाची ओढ नसलेलं ठरवून घेतलं.

वर्ग मंजूर झाला नाही. दिवाळीनंतर नागूबाई एकदा शाळेच्या फाटकापर्यंत आली, मी वर्गातून पाहिलं, आणि फळ्याकडे तोंड करून लिहीत राहिलो. ती बराच वेळ उभी होती. त्या उन्हाळ्यात ठेकेदारानं त्यांना कुठल्या तरी धरणाच्या कामावर हलवलं. कुठल्या, ते मी विचारलं नाही. मला मेहकरला मुख्याध्यापक म्हणून बढती मिळाली, त्या टिपणाचा उल्लेख होऊन.

मलकापूर सोडताना तो दगड मी तसाच, गोणपाटासकट, सामानाबरोबर उचलून आणला. मागं कुणी उलटला असता तर? बायको पोट धरून हसली. "मास्तर लोकं शाळेतून खडू आनतात, तुमी त दगड आनला!" तो न्हाणीत पालथाच बसवला. इतकी वर्षं ती त्यावर माझी धोतरं धूत आली. पांढरीशुभ्र निघायची. माझ्या धोतरांचं गावात कौतुक होतं.

परवा न्हाणीला फरशी बसवायला गवंडी आला. पहारीनं त्यानं तो दगड उपटला, पाणी मारून धुतला, आणि हाक मारली, "गुरुजी, याच्यावर त काहीतरी लिहेल हाये!" मी धावलोच. गोणपाट केव्हाच कुजून गेलं होतं. चिखलात पालथा राहिल्यामुळे अक्षरांना काही म्हणता काही झालं नव्हतं, कालच कोरल्यासारखी. नाव. जन्म. एवढं मला माहीत होतं.

त्याखाली आणखी एक ओळ होती. ती मी तेव्हा उघडून पाहिली नव्हती.

हणमंतूनं आयुष्यभर कोरलेल्या शिलांवर दोन ओळी असायच्या, एक जन्माची आणि तिच्याखाली मृत्यूची. त्याला वाटलं असणार, दाखल्याची रीतच तशी. पण पोर जिवंत, मग दुसऱ्या ओळीत काय घालायचं? तिथं त्यानं कोरलं होतं: शाळेत आली. आणि पुढं जागा सोडली होती. चार बोटं, बाकीच्या दगडापेक्षाही जास्त घासलेली, आरशासारखी. तारखेसाठी.

मी तिथंच, ओल्या मातीत, खाली बसलो. बायको पदराला हात पुसत आली. तिनं वाकून सावकाश वाचलं. तिला वाचायला मीच शिकवलेलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "अहो, हे दुर्गा कोन?"

मी म्हणालो, "काय माहीत."

पुन्हा जीभ अडखळली नाही. दुर्गा कुठं आहे, आहे की नाही, मला माहीत नाही हे खरं. पण ती कोण, हे मला माहीत होतं. बायको बरं म्हणून आत गेली. गवंड्यानं विचारलं, दगड कुठं ठेवू? मी म्हटलं, बाहेर ठेव, अंगणात. सुलटा.

तो आता तिथं आहे. दुसऱ्या ओळीतली तारीख मी घालायची होती.