रेशीमवाल्याची खिंड

पिंपरीत कारखाने नुकते येत होते, तेव्हा देहूरोडच्या बाजारात एक चिनी रेशीमवाला बसायचा. नाव मी कधी विचारलं नाही. पाठीला दगडी भिंत, डावीकडे ओढा, उजवीकडे लाकडाची वखार. गिऱ्हाइकाला यायला समोर एकच बोळ. त्या बोळाच्या तोंडाशी तो बैठकीची पांढरीशुभ्र चादर अंथरायचा.

"रस्त्यावर बसा की राव, जास्त खपेल," मी एकदा म्हणालो.

मोडक्यातोडक्या मराठीत तो म्हणाला, "आमची जुनी राजधानी, छांगआन. दक्षिणेला डोंगर, उत्तरेला नदी, पूर्वेला खिंड. खिंड धरली की मूठभर माणसं फौज अडवतात. रस्त्यावरच्याला कुणीपण उठवतो."

तेवढ्यात बाजाराचा ठेकेदार तरातरा आला. "ए, ऊठ! ही जागा माझ्या मेव्हण्याला दिलीय."

रेशीमवाला हलला नाही. कापड मोजायचा गज त्यानं मांडीवर आडवा ठेवला. ठेकेदार त्याचं रेशमाचं गठडं उचलायला धावला, पण चादरीपाशी थबकला आणि सवयीनं त्यानं वहाणा काढल्या. कापडाच्या बैठकीवर पायताणानं कोण चढतं?

अनवाणी ठेकेदाराकडे बघत रेशीमवाला म्हणाला, "मी उठत नाही. तुम्ही बसा. वहिनींना कुठला रंग दाखवू?"