आबांनी बांधलेली गाठ

मी सिंधूबाई. शिरूरच्या एका कॉलेजात गणित विभागाची शिपाई. बावीस वर्षं झाली, चाव्या माझ्याकडं आन् चहाही माझाच. गणित मला कळत न्हाई, पण गणिताची माणसं कळतात. बहुतेक आपल्याच तोऱ्यात असतात. एकच जीव लावावा अशी निघाली, प्रगती देवकाते. आन् वाटोळं झालं ते तिचंच.

पोरगी कासुर्डीची. बाप मेंढरं घेऊन रानोमाळ फिरलेला. पोर पाचवीत गेली तवा त्यानं मेंढरं विकली आन् शेतीत बूड टेकलं. ती एमेस्सी झाली, आमच्याकडं तासिका तत्त्वावर लागली. म्हंजी दरसाल नवी ऑर्डर, दरसाल घरी. अशी आठ वर्षं. कायम व्हायचं तर पीएचडी पायजे, आन् तिला मिळालेली मुदतवाढ शेवटची होती. या मार्चात प्रबंध न्हाई दिला तर नाव रद्द.

विषय काय, तर गाठी! मी तोंडावर हसले. म्हटलं, "मॅडम, माझ्या परकराच्या नाडीवर पण करा की एक पीएचडी." तिला राग न्हाई आला. खडू घेऊन फळ्याशी उभी राहिली.

"मावशी, दोरीवरनं मुंगी चाललीय असं धरा. एक समीकरण सांगतं, मुंगी आडवी कुठवर गेली. दुसरं सांगतं, उभी कुठवर. तिसरं सांगतं, किती उंचावर हाय. तिन्ही बहुपदी, म्हंजी साधे घात, बेरजा, वजाबाक्या. तीन ओळीत अख्खी गाठ बसते. घात जितके लहान, तितकं काम मोठं."

"मग अडलंय कुठं?"

"पहिली दोन समीकरणं नुसती सावली दाखवतात. दोरी स्वतःला कुठं ओलांडते, तेवढंच. वरनं कोण गेलं, खालनं कोण, ते तिसरं ठरवतं. तिथं चुकलं की गाठच दुसरी."

मग तिनं आपली गाठ सांगितली. दोन दोऱ्या जोडताना आपण दोनदा वेढा घेतो. दुसरा वेढा उलटा घेतला तर गाठ घट्ट बसते. दोन्ही एकाच बाजूनं घेतले तर ती सरकते. सावली दोघींची सारखीच, सहा ओलांडे. बसणाऱ्या गाठीची समीकरणं लोकांनी कधीच काढून ठेवलीत. सरकणारीची इतक्या लहान घातात कुणी काढली नव्हती. प्रगतीला तीच पायजे होती.

कागदावर बघून डोळे दुखायला लागले, म्हणून दोन वर्षांमागं दिवाळीला घरी गेली तवा तिनं बापाला सांगितलं, "आबा, लोकरीच्या जाड दोऱ्या घ्या आन् मला ही गाठ बांधून द्या. दोन्ही वेळा उजवीच वर घ्यायची बरं का." आबा व्हय व्हय म्हणाले. त्यांना मोतीबिंदू, पोरीनं पुढं धरलेलं चित्र काय दिसणार! पण मेंढरांभोवती लावायची जाळी, ती वाघर, त्या माणसानं जन्मभर बांधली. गाठ सरकली की लांडगा आत. पोर चहा टाकायला आत गेली, बाहेर येईस्तोवर गाठ तयार. तिनं आखूड टोकं एकमेकांना शिवून दोन्हींची एकच दोरी केली, लांब टोकं मोकळी ठेवली आन् दोरी आणून विभागात खिळ्याला अडकवली. दोन वर्षं ती त्या दोरीकडं बघून वर-खाली लिहीत होती. मी विचारलं, कागदावरच्या चित्राशी ताडून बघितलंस का? तर म्हणाली, "मावशी, मी चुकंन. आबांचा हात न्हाई चुकत."

फेब्रुवारीत पुण्याला आपल्या पीएचडीच्या गाईड सरांकडं गेली. सरांनी समीकरणं कॉम्प्युटरवर घातली, चित्र फिरवून बघितलं आन् म्हणाले, ही सरकणारी गाठ न्हाईच. ही बसणारी. हे काम आधीच झालेलं हाय.

आबांच्या हातानं दुसरा वेढा उलटा घेतला होता. त्यांना ठाऊक पण न्हाई. सरकणारी गाठ त्या हातातनं कधी निघालीच नव्हती.

परत आली तवा डोळ्यात टिपूस न्हाई. मलाच रडू फुटलं. महिन्यात नवं तिसरं समीकरण जमंना, एक ओलांडा जुळवावा तर दुसरा बिघडायचा. मार्च संपला. नाव रद्द झालं. म्हणाली, "मावशी, आबांना यातलं काही सांगायचं न्हाई. माझी शपथ हाय." मी हो म्हटलं.

एप्रिलात ती परीक्षेच्या सुपरव्हिजनला होती आन् आबा चौफुल्यावरनं एसटीनं आले. पिशवीत तिच्यासाठी ज्वारीचं पीठ. विभागात बसले, पाणी प्याले, आन् छाती फुगवून म्हणतात, "बाई, माझी पोर डॉक्टर कवा व्हनार? गावात समद्यांना सांगितलंय म्या, पोरीची गाठ म्या बांधलीय!"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. कुणाचा राग होता देव जाणे. त्या सरांचा, कॉलेजचा, का पोरीच्या गप्प बसण्याचा. निघाला मात्र म्हाताऱ्यावर. "तुमीच बांधली, आबा! म्हणून तर बुडाली ती!" मेली माझी जीभ. मग सगळंच सांगावं लागलं.

आबांनी हात पुढं केला. मग म्हणाले, "दोरी द्या." मी खिळ्यावरची काढून दिली. शिवण त्यांनी दातानं तोडली, गाठ सोडली, पुन्हा बांधायला घेतली. पुटपुटत होते, उजवी वर, उजवी वर. झाली बसणारीच. सोडली. पुन्हा बसणारीच. चार वेळा, पाच वेळा. कपाळाला घाम. "बाई, माझा हात धरा. तुमी चुकवा." मी त्यांचं मनगट धरून दुसऱ्या वेढ्याला वळवू लागले. मनगट लाकडासारखं ताठ झालं. ते स्वतःच्याच हाताला शिवी हासडत होते, आन् हात वळत नव्हता.

वर बघितलं तर प्रगती दारात. काखेत उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. माझ्याकडं एकदा बघितलं तिनं. ती नजर मी मरेस्तोवर विसरणार न्हाई.

गठ्ठा टेबलावर ठेवून ती बापापुढं खाली बसली. "आबा, राहू द्या. आता जमली तरी कुणाला दाखवायची?"

आबांनी तिचा आवाज वळखला. पण मान वर केली न्हाई. "थांब पोरी," म्हणाले, "जमंल आता," आन् गाठ सोडून दोरीची टोकं पुन्हा चाचपायला लागले.