दादा जेवले नव्हते

सकाळी वाडीच्या गोदामातून फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. चौकीदार म्हणाला, "वसंतभाऊ, दामू गेला गा." मी उलट त्याच्यावरच खेकसलो, "कुठं गेला? आज तर त्याची गेटवर ड्यूटी आहे!" पलीकडून रडणं ऐकू आलं, मग उमगलं. दामोदर पहाटे झोपेतच गेला होता. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. आता दोन महिने होत आले, तरी मला ते पटत नाही. अहो, त्याच्या अंगात मोडकं काही असेल तर तो पाय होता, हृदय नव्हे.

दामूचं घराणं उमरेडचं, विणकरांचं. घरचे माग थांबले तसा तो वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोदामात हमालीला लागला. मी तिथंच बुकिंगवर. एकदा माल उतरवताना ट्रकमधून लोखंडी यंत्र घसरलं आणि त्याचा उजवा पाय गुडघ्याखालून गेला. मालकानं त्याला गेटवर बसवलं. नकली पायानं मांडी घालता येईना, म्हणून मी गोदामातलं एक लाकडी खोकं त्याच्या खोलीवर नेऊन टाकलं. हा खुर्चीवर, ताट खोक्यावर. "पाहून घे, साहेब लोकाइसारखा टेबलावर जेवून राहिलो," म्हणायचा.

ताटातला स्वयंपाक शेजारच्या कमलवहिनींचा. त्या विधवा, डबे करून देत. डबा देता-घेता दोघांचं जमलं आणि त्यांनी पाट लावायचं ठरवलं. आमच्याकडे विधवेच्या दुसऱ्या लग्नाला पाट म्हणतात. पत्रिका नाही, वाजंत्री नाही. चार माणसं, नवं लुगडं, नारळ आणि जेवण. उमरेडहून दामूचे मोठे भाऊ शंकरदादा आले आणि अडून बसले. बिनलग्नाच्या पोरानं विधवेशी पाट लावायचा तर आधी रुईच्या झाडाशी लग्न लावायचं, अशी जुनी रीत. "आधी रुई, मंग पाट," दादा म्हणाले. दामू कसला ऐकतो! "दादा, मी का बकरी आहो, रुईच्या मांगं लागाले?" सगळे हसले, आणि तिथंच बिनसलं. पाट लागला, पण दादा वाढलेल्या ताटावरून उठले, गल्लीत उभे राहून साऱ्यांना ऐकू जाईल असं तोंड सोडलं आणि बस धरली. त्यानंतर वहिनींच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही. दिवाळीत दामू एकटाच उमरेडला जायचा. आल्यावर म्हणायचा, "दादाचं डोकं म्हणजे गुंतलेलं सूत आहे गा. ओढलं तर तुटीन. सुटीन हळूहळू." पण त्याला ते फार लागलं होतं. मला ठाऊक आहे.

तेरवी झाल्यावर मी वहिनींना घेऊन फंडाच्या ऑफिसात गेलो. माणूस नोकरीत असताना गेला तर त्याच्या बायकोला पेन्शन असते. हक्काची असते, कोणाची मेहेरबानी नव्हे. तिथं कळलं, दामूनं नोकरीला लागताना दिलेलं भावाचंच नाव अजून वारस म्हणून आहे. मी त्याला कितीदा टोकलं होतं! तर म्हणे, "बायको आहे हे तिले माहीत आहे, मले माहीत आहे. हाफिसाले काहून सांगू?" ऐकलं असतंस तर काय बिघडलं असतं रे, गाढवा?

टेबलापलीकडच्या बाई सभ्य होत्या. म्हणाल्या, "लग्न झालं की ते जुनं नाव चालत नाही, हक्क पत्नीचाच. पण लग्न झाल्याचं काही दाखवा. आधार, रेशनकार्ड?" वहिनींच्या साऱ्या कागदांवर पहिल्या नवऱ्याचं नाव. "मग फोटो?" वहिनी मान खाली घालून म्हणाल्या, "पाटाचे फोटो कोण काढते, बाई?" शेवटी बाईंनी सांगितलं, नवऱ्याकडच्या जवळच्या माणसानं येऊन जबाब द्यावा. जवळचं माणूस एकच. आणि त्यानं नाही म्हटलं, तर वारस म्हणून नाव त्याचंच.

मी उमरेडला गेलो तो शिव्या तयार ठेवूनच. दादांनी सारं ऐकून घेतलं आणि "येतो" एवढंच म्हणाले. काय बोलायला येतात, देव जाणे.

ऑफिसात बाईंनी विचारलं, "तुम्ही त्या लग्नाला हजर होता?"

"होतो."

"काही पुरावा?"

म्हातारा भडकला. "पुरावा? भरल्या ताटावरून उठलो होतो मी! पाट लागलाच नसता, तर मी रुसलो कायच्यासाठी? त्या गल्लीत कोणालेही विचारा, शंकर उपाशी काहून गेला होता. सारे सांगतीन." मग आवाज एकदम खाली आला. "हे माह्या भावाची बायको आहे. लिवा."

बाईंनी लिहून घेतलं. दादांनी खाली सही केली आणि कागद पुढे सरकला.

परतताना वहिनी कशाबशा म्हणाल्या, "दादा, जेवून जा." ते आले. खोलीत दामूची खुर्ची आणि ते खोकं जिथल्या तिथं होतं, ताट ठेवून ठेवून मधोमध गोल डाग पडलेला. वहिनी जमिनीवर ताट मांडू लागल्या, तर दादा खुर्चीकडे गेले आणि म्हणाले, "इथंच ठेव." दोन घास खाल्ल्यावर बोलले, "भाजीत तिखट कमी पडलं, कमल." नाव घेऊन ते पहिल्यांदाच बोलत होते.

"त्याइले तिखट सोसत नव्हतं, दादा. हातच तसा बसला."

"माहीत आहे," दादा म्हणाले. "लहानपणापासून..." आणि मग त्यांना पुढचा घास उचलवेना.