बंद पडण्याची वाट बघणारा

वडपे गावातल्या गोदामात मी झाडू मारते, सून कॉम्प्युटरवर बसते. मालाच्या नोंदीचा प्रोग्राम मध्येच बंद पडायचा आणि शेठ तिलाच कामावरून काढायला निघाला होता. मग एक दुरुस्तीवाला आला. दिवसभर पाय हलवत, नखं कुरतडत बसला. प्रोग्राम काही पडेना.

"चालतोय ना रं, मग तोंड का पाडलंस?" मी विचारलं.

"आजी, आत माल नोंदवणं आणि यादी दाखवणं ही दोन कामं एकदम चालतात. कधीतरी दोन्ही एकाच जागी हात घालतात, तेव्हा पडतो. यात तुमच्या सुनेची चूक नाही, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय शेठ मानणार नाही."

त्याने सुनेला उठवलं आणि स्वतः खुर्चीत बसला. एका हाताने माल स्कॅन करत दुसऱ्याने यादी भराभर वरखाली करत राहिला. संध्याकाळी एकदाचा प्रोग्राम बंद पडला, तसा तो आनंदाने ओरडला, "शेठ, लवकर या, माझ्या हातून पडला!"

शेठ पडद्याकडे बघत राहिला. मग सुनेला म्हणाला, "उद्या वेळेवर ये कामाला."