सगळे थांबतात ती जागा

मोठ्या बाबांच्या खोकल्याचा मला भयंकर राग यायचा. मोठे बाबा म्हणजे पप्पांचे थोरले भाऊ. हसनाबादला आमच्या दोन्ही घरांच्या चुली वेगळ्या, पण ओसरी एकच. बाहेरून आले की ते उंबऱ्यावर थांबून घसा खाकरायचे. आजारपणाचा खोकला नव्हे तो. आत बायामाणसं बसलीत, त्यांना कळावं की पुरुषमाणूस येतोय, म्हणून जुन्या वळणाची माणसं खाकरतात, तो. तो ऐकला की मोठी आई, म्हणजे त्यांची बायको, हातातलं काम तसंच ठेवून पदर डोक्यावर ओढायची आणि दारातून जरा सरकून वाट द्यायची. नातवंडं शाळेत जायला लागली तरी ही सवय सुटली नाही.

आणि मी मधल्या खोलीत फोन उभा करून पेटीवर एखादी नवी चाल रेकॉर्ड करत असायचे. बराबर शेवटच्या ओळीला उंबऱ्यातून "अह्हं!" की गेलं सगळं पाण्यात.

"मोठे बाबा, दोन मिनिटं थांबून खोकलता येत न्हाई का तुम्हाला?" मी आतून ओरडायचे.

"माझ्याच घरात यायला आता तुझी परवानगी काढू का गं?" ते हसत म्हणायचे. हसले की मला अजूनच चीड यायची.

मला संगीत कुणी शिकवलं नाही. फोनवर सहज एकदा परदेशातल्या वाद्यवृंदाचा व्हिडिओ लागला. स्टेजभर माणसं, व्हायोलिनं, फ्लूट, पितळी हॉर्न, आणि गाणारं कुणीच नाही. मी फोन गरम होईपर्यंत बघत राहिले आणि तिथंच वेडी झाले. मग कॉलेजात घेतलेल्या जुन्या लॅपटॉपवर एक फुकटचं सॉफ्टवेअर उतरवलं. त्यात ओळींवर सूर मांडायचे, बटण दाबायचं, की कॉम्प्युटर सगळी वाद्यं वाजवून दाखवतो. चुकलं की पुसायचं, परत दाबायचं. व्हिडिओ बघबघून मी असंच शिकले. त्यातलं एकही वाद्य मी हातात धरलेलं नव्हतं. लग्नातल्या बँडचं क्लॅरिनेट तेवढं जवळून पाहिलेलं.

आमच्याकडं ऑर्केस्ट्रा म्हटलं की लोकांना लग्नातला स्टेज आणि सिनेमाची गाणी आठवतात. मोठ्या बाबांना मी एकदा माझी रचना ऐकवली. त्यांनी मान डोलावत पूर्ण ऐकली आणि विचारलं, "म्युझिक झ्याक झालं. आता गाणं कवा सुरू व्हतं?" मी लॅपटॉप आपटून बंद केला.

मग मी रचना एका वेबसाइटवर टाकायला लागले. जगभरातली माझ्यासारखी पोरं तिथं आपापलं संगीत टाकतात आणि बाकीचे ते फाडून खातात. एकानं लिहिलं, हे संगीत नाही, शिवणयंत्र आहे. त्याच्याशी मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत असं भांडले की त्यानं मला ब्लॉक केलं. पण एक बाई होत्या, कुठल्याशा थंड देशातल्या लहान गावातल्या. आयुष्यभर फ्लूट वाजवलेल्या. त्यांनी लिहिलं, "मुली, तुझा फ्लूटवाला तिसऱ्या ओळीला गुदमरून मरेल. तुझ्या संगीतात कुणी श्वास घेत नाही का? कुणी कधी थांबतच नाही का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कॉम्प्युटर तर न थांबता वाजवतोय! नाचता येईना अंगण वाकडं, असं मी मनातल्या मनात त्यांना सुनावलं. पण खरं सांगायचं तर मला मोकळ्या जागेची भीती वाटायची. आवाज थांबला की लॅपटॉप हँग झाला असं वाटायचं. म्हणून मी जागा दिसली की भरायचे. फ्लूट थांबला की व्हायोलिन, व्हायोलिन थांबलं की हॉर्न.

एका सोमवारी त्याच बाईंचा मेल आला. त्यांच्या गावात हौशी वादकांचा वाद्यवृंद आहे. वर्षातून एकदा ते अशा लोकांच्या रचना वाजवून बघतात, ज्यांचं काहीच कधी कुणी वाजवलेलं नाही. त्यांनी माझं नाव सुचवलं होतं. अट एकच. मधला भाग मी नव्यानं लिहायचा आणि पुढच्या आठवड्यातल्या शनिवारपर्यंत पाठवायचा. नाही जमलं तर दुसऱ्या कुणाचं तयार होतंच.

मी मेल वाचला आणि मला जेवण जाईना. मी मांडलेले सूर खरी माणसं, खऱ्या फुफ्फुसांनी वाजवणार! मला ते हवंच होतं. मी मधला भाग सगळा पुसून टाकला आणि नव्यानं सुरुवात केली. येईना. परत पुसला. परत येईना. त्यातच रविवार आला. मोठे बाबा दुपारी जेवून जरा आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

घरात रडारड झाली, मीही रडले, खोटं रडले नाही. आणि त्याच रात्री मला आठवलं की आता सुतक. तेरवं होईस्तोवर घरात गाणं-बजावणं बंद. टीव्हीवर चादर पडली. सगळ्यांचे फोन मुके झाले. गल्लीतून एक नवरदेव निघाला होता, तर त्यांचा बँड आमच्या घराच्या अलीकडं गप्प झाला आणि चौकापलीकडं जाऊन परत वाजायला लागला. आणि माझा शनिवार तेरव्याच्या बराच आधी येत होता.

मोठे बाबा गेल्याचं दुःख होतं, आणि त्यांनी नेमका हाच आठवडा धरला याचा रागही होता. आता शेवटचं खोकलून गेले, असं मनात आलं आणि माझी मलाच लाज वाटली. पण राग काही गेला नाही.

बाहेरच्या माणसाला वाटेल, यात काय एवढं, आवाज बंद ठेवून लिही. पण मला ऐकल्याशिवाय लिहिता येत नव्हतं. एक ओळसुद्धा मी कधी न ऐकता लिहिलेली नव्हती. सूर मांड, बटण दाब, ऐक, पुस, एवढीच माझी विद्या. डोळे बांधून सुईत दोरा ओव म्हटल्यासारखं ते होतं.

बुधवारी मी लॅपटॉप घेऊन गच्चीवर गेले. कानात इअरफोन घातले. कुणाला कळणार होतं? खाली भेटायला आलेल्या बायका मोठ्या आईच्या गळ्यात पडून हेल काढून रडत होत्या. माझं बोट बटणावर होतं. दाबू की नको, दाबू की नको, तेवढ्यात जिन्यात आत्या उभी. ती वाळवणाची चादर न्यायला वर आल्ती.

"अगं माय माय माय!" ती गच्चीवरूनच खाली ओरडली. "माझ्या भावाची राख निवली न्हाई अजून, अन् ही पोरगी गाणे ऐकून राह्यली!"

"आत्या, वाजत न्हाई काहीच!"

"मंग कानात काय डूल घातले का?"

मला दंडाला धरून तिनं खाली आणलं. ओसरीवरचं रडणं थांबलं. सगळ्या बाया माझ्याकडं बघायला लागल्या. पप्पा बैठकीतून उठून आले आणि हात पुढं केला. "दे."

"पप्पा, शनिवारी पाठवायचंय. बिलकुल वाजवलं न्हाई मी. शप्पथ."

"समजतंय मला. पण चार लोकं बसलेत. दे म्हणलं ना."

मी इअरफोन त्यांच्या हातावर आपटले. त्यांनी ते गुंडाळून खिशात घातले. मोठी आई भिंतीला टेकून बसली होती. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. ती रागावली की नाही, ते मला कळलं नाही, आणि न कळणं फार जड गेलं.

मग आईनं मला बायांना पाणी द्यायच्या कामाला लावलं, म्हणजे मी नजरेसमोर राहीन. तांब्या घेऊन मी ओसरीच्या कोपऱ्यात बसले. नवी बाई उंबऱ्यात आली की रडणं नव्यानं सुरू व्हायचं. एकीचा हेल लांबत जायचा, तिचा दम संपत आला की शेजारची नेमकं तिथूनच उचलायची. पहिली तेवढ्यात श्वास घेऊन घ्यायची आणि परत सुरात यायची. कुणी कुणाला सांगत नव्हतं. आणि मग मधेच केव्हातरी सगळ्याजणी एकदम थांबायच्या. त्या थांबण्यात काहीच नसायचं, आणि तेच सगळ्यात जास्त ऐकू यायचं. मोठी आई त्या वेळी उंबऱ्याकडं बघायची. मग कुणीतरी नाक ओढायचं, कुणी विचारायचं की भोकरदनची गाडी किती वाजता हाय.

मोठे बाबा गेलेत आणि ही पोरगी रडण्याचे सूर धरून बसलीये, हे कुणाला कळलं असतं तर मला घराबाहेर काढलं असतं. पण कानाला झाकण नसतं. मी उठले, आत गेले, लॅपटॉपचा आवाज पूर्ण बंद केला आणि लिहायला बसले. फ्लूटची ओळ मनात म्हणत बोट पुढं सरकवायचं. माझा स्वतःचा दम संपला की तिथं श्वासाची खूण करायची. फ्लूटवाला श्वास घेईल तोवर ओळ क्लॅरिनेटनं उचलायची. आणि मधोमध मी एक जागा अशी ठेवली की तिथं सगळे थांबतात. व्हायोलिनं, हॉर्न, सगळे. ती जागा खरी वाटते की नाही, हे बटण दाबून बघायची सोय नव्हती.

शनिवारी टाकीवर चढून, जिथं नेटवर्क धरतं तिथून, मी ते पाठवलं. अर्ध्या तासात बाईंचा मेल: "मध्ये सगळे थांबतात. हे मुद्दाम आहे की चुकून काही पुसलं गेलं? लगेच कळव, वादकांसाठी कागद छापायचेत."

आता आली का पंचाईत! भरून टाकू म्हटलं असतं तर दहा मिनिटांचं काम होतं. आणि ती जागा रिकामी राहून खोटी वाटली, तर इतक्या लांबच्या माणसांसमोर माझं हसं. जन्मात एकदाच मिळालेली संधी. मला कुणाला तरी विचारायचं होतं, आणि विचारायला कुणी नव्हतं. मी लिहिलं, "मुद्दाम आहे. राहू द्या." पाठवलं आणि लगेच पस्तावले.

तेरवं झालं. पाहुणे गेले. एके दुपारी फोनवर रेकॉर्डिंग आलं. वर बाईंनी बरंच काही लिहिलेलं होतं, ते मी वाचलंच नाही. धावत पप्पांकडं गेले, "माझे इअरफोन द्या, जल्दी."

पप्पांनी खिसे चाचपले नाहीत. म्हणाले, "कानात काहून? तेरवं झालं आता. लाव की मोठ्यानं."

ओसरीवर सगळेच होते. मोठी आई दारात तूर निवडत बसलेली. आई, पप्पा, आणि अजून परत न गेलेली आत्या. मी फोन सुपाशेजारी ठेवला आणि लावला. माझं सगळं ध्यान त्या मधल्या जागेकडं, सुरुवात मला ऐकूच आली नाही. फ्लूट जरा कापत होता, पण तो माणूस होता, श्वास घेत होता. हॉर्न एका जागी घसरला आणि सावरला. क्लॅरिनेटनं ओळ उचलली, मी मनात उचलली होती बराबर तशीच. मग ती जागा आली.

सगळे थांबले. फोनमधून नुसता एका मोठ्या खोलीचा आवाज येत होता. आणि त्या शांततेत, तिकडं दूर, कुणीतरी म्हातारा माणूस खाकरला. अह्हं.

मोठ्या आईच्या हातातले दाणे खाली पडले. तिनं पदर डोक्यावर ओढला आणि दारातून सरकून वाट दिली.

 आत्यानं तोंडाला पदर लावला. वाद्यवृंद परत सुरू झाला, शेवटपर्यंत वाजला, आणि त्यातलं मला पुढचं काही आठवत नाही.

संपल्यावर पप्पांनी घसा साफ करायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मग हळूच म्हणाले, "वर काय लिहिलंय, वाच."

मी वाचून मराठीत सांगितलं. वादकांना रचना आवडली, पुढच्या कार्यक्रमात ते ती लोकांसमोर वाजवणार आहेत. आणि बाई माफी मागत होत्या. तुझ्या सगळ्यात सुंदर जागेत आमचा एक जण खोकला. तू म्हणशील तर आम्ही परत रेकॉर्ड करून पाठवतो.

"मंग?" पप्पा म्हणाले. "काय कळवती?"

मी तोंड उघडायच्या आधी मोठी आई बोलली. पदर अजून तिच्या डोक्यावरच होता.

"न्हाई म्हणावं," ती म्हणाली. "ऱ्हाऊ दे म्हणावं तसंच. अन् परत लाव."