नव्याच्या सणाचं पाणी

मल्कामावशीच्या रागाला आमची सगळी गल्ली टरकून असायची, पण ती उगाच कधी तापायची नाही. लग्न होऊन रेवदंड्याहून ती इस्रायलच्या दक्षिणेतल्या आमच्या गावात आली, तेव्हा इमारतींमागून एक ओढा वाहायचा. पुढं नगरपालिकेनं तो पाइपात कोंबला आणि गाड्या लावायला वर डांबर ओतलं. उरली एक लोखंडी जाळी.

नव्याच्या सणाला, म्हणजे सप्टेंबराच्या सुमारास येणाऱ्या आमच्या नववर्षाला, वाहत्या पाण्यापाशी प्रार्थना म्हणून पापं झटकायची, ही आम्हा बेने इस्राएलांची, कोकणातून आलेल्या ज्यूंची, रीत. समुद्र लांब, मावशीचे गुडघे गेलेले आणि धर्मात मनाई म्हणून सणाच्या दिवशी ती गाडीत बसायची नाही. म्हणून आम्ही त्या जाळीभोवती जमायचो. खाली पाणी खळखळायचं. डोळे पुसत बायका पदर झटकायच्या.

"व्हाळ अजून जिता हाय," मावशी म्हणायची. "मरायच्या आधी मला तो उघडा बघायचाय."

नगरपालिकेचे उंबरठे झिजवून झिजवून अखेर २००२ साली तिनं थोडं डांबर फोडायला लावलं. असा भपकारा आला की माणसं नाक दाबून पळाली. खाली ओढा नव्हताच, आमच्याच मोऱ्यांचं सांडपाणी होतं. कुण्या कंत्राटदारानं काम वाचवायला आमच्या मोऱ्या गटाराऐवजी त्या पाइपाला जोडून दिल्या होत्या. सप्टेंबरात इथं पावसाचा थेंब नसतो, मग पाणी आलं कुठून, हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही! कोकणात या सणाला ओढे तुडुंब असतात. आम्ही अक्कल तिथंच ठेवून आलो होतो.

मावशी मात्र हटली नाही. इंजिनीयर म्हणाला, मोऱ्या गटाराला जोडा, गाड्या हलवा, म्हणजे हिवाळ्यातल्या पावसात ओढा वाहील. एक तळंही करू, त्यात सणापर्यंत पाणी राहील.

इमारतीच्या तळघरात सभा भरली. फरश्या कोण फोडणार, गाड्या कुठं लावणार, नुसता कालवा. जाळीपाशी रडणारे हेच ते लोक! लाज कशी वाटली नाही यांना? मावशीचा मुलगा यिगाल सोसायटीचा प्रमुख.

"मोऱ्या आपल्या, घाण आपली," मावशी कडाडली. "आपण नाही काढायची तर कोणी?"

"इमा, दाय! पुरे झालं," यिगाल खेकसला, आणि ओढा बुजवायच्या बाजूनं पहिला हात त्यानंच वर केला.

खड्डा बुजला, जाळीही डांबराखाली गेली. मला आजही आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

पुढच्या नव्याच्या सणाला मावशी पांढरी साडी नेसून काठी टेकत खाली आली. जाळीच्या जागी यिगालची गाडी उभी होती. आम्ही म्हटलं, मावशी, घरी चला. तिनं ऐकलं नाही. गाडीसमोर उभं राहून अख्खी प्रार्थना म्हटली आणि बॉनेटवर पदर खसाखसा झटकला.

यिगाल धावत आला. "इमा, हे काय चाललंय?"

"पाणी तू बुजवलंस," ती म्हणाली. "आता माझी पापं तूच सांभाळ."