खर्जाच्या रांगेतला मोरित्स

मोरित्स काट्झेनश्टाइनला गाणं येत नाही, असं त्याची बायको झेल्मा चारचौघांत सांगायची. तो लेम्बाखच्या गायन मंडळात ऐन पंचविशीपासून गात होता, तरीही. आणि तिचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. मंडळात गाणाऱ्यांच्या चार रांगा असत. वरच्या आवाजाचे गडी चाल गायचे, टाळ्या घ्यायचे, जत्रेत पोरींच्या नजरा झेलायचे. मोरित्स उभा राहायचा सगळ्यात मागे, खर्जाच्या रांगेत, भिंतीला पाठ लावून. एका गाण्यात त्याच्या वाट्याला तीन-चार सूर यायचे, तेही लांबच लांब. चाल त्याच्या वाट्याला कधी आलीच नाही. शिवाय खर्ज नेहमी मागाहून यायचा. वरच्यांनी गाणं उचललं, एक ओळ पुढे गेली, की मग हे लोक तोंड उघडणार.

दुकानात कापडाचे तागे रचताना तो आपला भाग घोकत बसायचा आणि झेल्मा स्वयंपाकघरातून ओरडायची, "अरे, कुणाची गाय सुटली बघ! केव्हाची हंबरतेय!"

"हे 'वाटसरू' आहे," तो घुश्शात म्हणायचा.

"हे? ह्यात वाटसरू कुठंय? नुसता रस्ता आहे."

मग ती पिठाच्या हातांनी दारात येऊन वरची चाल धरायची, आणि त्याच्या त्या लांबट, कंटाळवाण्या सुरांचं एकदम गाणं होऊन जायचं. दोघांना मूल एकच, एर्विन, आणि तो लवकरच समुद्रापलीकडे निघून गेला. तेव्हा घरात हेच एक गाणं उरलं होतं म्हणा ना.

'वाटसरू' हे मंडळाचं मातीचं गाणं. ओझं उतर, वाट संपली, असं काहीसं. मंडळातलं कुणी गेलं, कुणाचे आईबाप, कुणाची बायको गेली, की सगळं मंडळ काळे कोट चढवून कबरीशी उभं राहायचं. चर्चच्या आवारात तसंच टेकडीवरच्या यहुदी दफनभूमीतही. त्यात कुणाला काही वेगळं वाटायचं नाही. मोरित्सचे वडील गेले तेव्हा गुडघाभर बर्फ होतं. तरी यच्चयावत मंडळी वर चढली होती. हाइनर फेल्टननं गाणं उचललं होतं. हाइनर खोगीर शिवायचा, मंडळाचा अध्यक्ष होता, वरच्या आवाजाचा राजा होता आणि मोरित्सचा लंगोटीयार होता. परतताना झेल्मा डोळे पुसत म्हणाली होती, "माझ्या वेळीही अस्सं झालं पाहिजे हं. नाहीतर मी उठून परत येईन, सांगून ठेवते."

मग ती वर्षं आली.

मंडळाचे गुरू डिपेल मास्तर. गावच्या शाळेत शिकवायचे आणि गुरुवारी संध्याकाळी मंडळाची तालीम घ्यायचे. बरा माणूस होता. नवा गडी आला की स्वतःच त्याला मोरित्सशेजारी उभं करायचा आणि सांगायचा, ह्याला धरून राहा, चुकणार नाहीस. त्या वर्षी मास्तर कुठल्याशा शिबिराला जाऊन आले आणि येताना एक मोठा तक्ता घेऊन आले. त्यावर माणसांची डोकी होती, बाजूनं काढलेली. नाकं, कपाळं, हनुवट्या. तो शाळेत टांगला. आणि तालमीत म्हणाले, "गाणं गळ्यातून येत नाही, मंडळी. रक्तातून येतं. परक्या रक्ताचा माणूस आपलं गाणं म्हणतो, पण ती नक्कल असते."

"मग मास्तर, आमच्या रांगेत कायम सर्दी असते ती कुणाच्या रक्तातली?" मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. मोरित्सही हसला. मास्तर तेवढे हसले नाहीत. त्यानंतर त्या खोलीत अशा गोष्टीवर कुणी हसलं नाही.

मंडळात यहुदी नकोत, असा वरून हुकूम आला तेव्हा सांगायला हाइनर आला. हातातली टोपी गोल गोल फिरवत उभा.

"तुझ्याविरुद्ध काही नाही रे, मोरित्स. तुला माहीत आहे."

"मग कुणाविरुद्ध आहे?"

"वरून आलंय. एकट्या आपल्याच मंडळाला नाही, सगळ्या देशातल्या मंडळांना. आपण काय करणार?"

"तू अध्यक्ष आहेस ना?"

"अध्यक्ष म्हणजे काय, खुर्च्या मोजणारा." हाइनरनं हसून पाहिलं. "थोडे दिवस थांब. निवळेल सगळं. तेवढा तो बिल्ला… मंडळाचा… परत घ्यायला सांगितलाय."

मोरित्सनं कोटावरचा बिल्ला काढून दिला. कोटावर तिथं गडद ठिपका राहिला, बाकीचं कापड उन्हानं विटलं होतं. तो स्वतः कापड विकायचा, त्याला हे आधीच कळायला हवं होतं.

मंडळाची तालीम गावच्या खानावळीच्या माडीवर व्हायची आणि ती माडी मोरित्सच्या घरासमोरच होती. आजवर त्याला ही मोठी सोय वाटायची. आता दर गुरुवारी शिक्षा झाली. सुरुवातीला तो खिडकीशी बसून हळूच आपला भाग म्हणायचा. झेल्मा विणकाम थांबवून ऐकायची. पुढे त्यानं तेही सोडलं. मग समोरची मंडळी गायची आणि हे दोघं आपले टेबलावरचं तागाचं कापड न्याहाळत बसायचे. रविवारी पत्ते खेळायला येणारा हाइनर आधी कधीमधी यायचा, मग सणासुदीला, मग नाहीच. मोरित्सशी कुणी भांडलं नाही. कुणी शिव्या दिल्या असत्या तर निदान रागावता आलं असतं. पावाच्या दुकानातली बाई, जिच्या लग्नाचं कापड मोरित्सनं निवडून दिलं होतं, तिला तो समोरून आला की एकदम काहीतरी आठवायचं आणि ती मागे वळायची.

रक्त हा शब्द मात्र गावात भलताच वाढला. जत्रेला दरवर्षी सारंग्या घेऊन येणाऱ्या भटक्या सिंती कुटुंबांना पोलिसांनी पुलावरूनच परत हाकललं. लोक म्हणाले, बरं झालं, कोंबड्या वाचल्या. घंटा वाजवणाऱ्या म्हाताऱ्याची लेक जन्मापासून बहिरी होती. तिला शहरातल्या इस्पितळात नेलं, तिला पुढे मूल होऊ नये म्हणून. परत आली ती कुणाकडे बघेना. झेल्मा तिला सूप घेऊन गेली. मोरित्सला खरं सांगायचं तर सिंतींचं तेव्हा फारसं काही वाटलं नव्हतं. बहिऱ्या पोरीचं वाटलं. आणि ज्या दिवशी वाटलं त्या दिवशी सिंतींचंही वाटायला लागलं, पण तोवर पूल केव्हाच रिकामा झाला होता.

झेल्मा हिवाळ्यात अंथरुणाला खिळली. पोटात गाठ होती. वसंत संपेपर्यंत तिच्या अंगावर नुसती कातडी राहिली, जीभ मात्र होती तशीच.

"मोरित्स, ते विचारलंस का?"

"काय?"

"वेड पांघरू नकोस. मंडळाचं."

त्याला विचारायचं नव्हतं. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं. पण ती रोज विचारत राहिली, तेव्हा एका दुपारी तो हाइनरच्या कारखान्यात गेला. चामड्याच्या वासात दोघं उभे राहिले. मोरित्सनं मान खाली घालून सांगितलं. आयुष्यात त्यानं हाइनरकडे काही मागितलं नव्हतं.

हाइनरचे डोळे भरून आले. "झेल्मासाठी? अरे, येऊ की! सगळं मंडळ नाही जमलं तर सहाजण येऊ. चौघं येऊ. वरचे दोन, खालचे दोन, झालं गाणं. माझा शब्द."

घरी आल्याबरोबर झेल्मानं विचारलं, "हातावर हात दिला का त्यानं?"

"दिला."

"मग येईल. हाइनर भित्रा आहे, पण हात दिला की येतो." आणि ती बऱ्याच दिवसांनी शांत झोपली. त्या आठवड्यात एकदा तिनं त्याला 'वाटसरू' म्हणायला लावलं. तो आपलं गाय हंबरल्यासारखं म्हणू लागला आणि तिनं बारीक, चिरकलेल्या आवाजात वरची चाल धरली. तिसऱ्या ओळीला तिचा दम संपला. मोरित्स एकटाच शेवटपर्यंत सूर ओढत राहिला.

जूनमध्ये ती गेली. यहुद्यांत मयत ठेवत नाहीत, दुसऱ्या दिवशीच मातीला न्यायचं. मोरित्सनं हाइनरच्या अंगणाच्या भिंतीवरून त्याला सांगितलं, "उद्या तीनला."

"बरं," हाइनर म्हणाला. खोगिराच्या पट्ट्याला टोचा मारत होता, वर पाहिलं नाही.

गावातून गाडी निघाली तेव्हा दोन्ही बाजूंच्या खिडक्यांची झापडं लावलेली होती. टेकडीवर गावातली उरलीसुरली सहा यहुदी कुटुंबं होती. प्रार्थना म्हणणारे प्लाउट आजोबा होते. मोरित्स पुन्हा पुन्हा खालच्या वाटेकडे बघत होता. वाट सगळी दिसायची, पार चर्चपर्यंत. काळा कोट घातलेलं एकही माणूस तिच्यावर नव्हतं.

"थोडं थांबू या," तो म्हणाला. थांबले. मग आणखी थोडे थांबले.

"मोरित्स," प्लाउट आजोबा म्हणाले, "तिला ताटकळत ठेवू नये रे."

माती पडली, प्रार्थना झाली. लोक परत निघाले तरी मोरित्स हलेना. त्याच्या मनात आलं होतं की कुणी नाही तर नाही, आपण म्हणू. छाती भरून श्वास घेतला आणि तसाच उभा राहिला. आवाज फुटेना. त्याला रडू आवरत नव्हतं म्हणून नाही. आयुष्यभर त्यानं कधी गाणं सुरू केलंच नव्हतं. वरच्यांनी उचलायचं, एक ओळ जाऊ द्यायची, मग आपण. तो सवयीनं वाट बघत होता. कोण उचलणार होतं? लांबून बघणाऱ्यांना वाटलं, मोरित्स मनातल्या मनात प्रार्थना करतोय. शेवटी प्लाउट आजोबांनी येऊन त्याचा दंड धरला. "चल बाळा," म्हणाले. साठीला टेकलेल्या माणसाला बाळा म्हणणारं आता जगात एवढं एकच माणूस राहिलं होतं.

सुतकाचे सात दिवस घरात बुटक्या स्टुलावर बसायचं असतं. गुरुवार त्यातच आला. संध्याकाळ झाली तरी उजेड लख्ख होता. समोरच्या माडीवर पावलं वाजली, खुर्च्या सरकल्या. आणि मग एकेक करून माडीच्या चारही खिडक्या उघडल्या, अगदी भिंतीला टेकेपर्यंत. मोरित्सनं मान वर केली.

हाइनरनं 'वाटसरू' उचललं.

काय गायला त्या दिवशी! सगळा रस्ता भरून गेला. आपोआप मोरित्सची छाती भरली, जबडा सैल झाला, पाय जमिनीत रोवले गेले. एक ओळ पुढे गेली. आता खर्ज. मोरित्स स्टुलावरून उठला, खिडकीपाशी गेला आणि त्यानं आपली खिडकी लावून घेतली. कडीसुद्धा घातली. मग परत येऊन बसला. काचेतून गाणं येतच होतं, फक्त चाल ऐकू येत नव्हती, खर्ज तेवढा घुमत होता. त्यानं दोन्ही कानांवर हात ठेवले आणि लहान पोरासारखा रडला.

सुतक संपतं त्या सकाळी उठून बाहेर चार पावलं चालून यायची रीत आहे. मोरित्स बूट घालत होता तेवढ्यात अंगणाकडचं दार वाजलं. त्याच्याकडे अजून येणारे जे होते ते हल्ली त्याच दारानं यायचे. हाइनर होता.

"बसत नाही," हाइनर म्हणाला. मग जवळ येऊन हळू आवाजात, "गुरुवारी ऐकलंस ना?"

"काय?"

"काय म्हणजे? डिपेल नको नको म्हणत होता. मी म्हटलं, तालमीत काय गायचं ते अध्यक्ष ठरवणार. आणि खिडक्या तर मी स्वतः उघडल्या, चारही. म्हटलं उकडतंय. उकडत कुठं होतं!" तो हसला, त्याचे डोळे पाणावले. "कुणासाठी चाललंय ते सगळ्यांना ठाऊक होतं, मोरित्स. कुणी बोललं नाही, पण ठाऊक होतं."

"मी खिडकी लावून घेतली होती."

हाइनरचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं. "का रे?"

"झेल्मा इथं नव्हती, हाइनर. ती वर टेकडीवर होती."

हाइनरचा चेहरा इतका उतरला की मोरित्सलाच त्याची कीव आली, आणि ती आली याचा त्याला मनस्वी संताप आला. त्यानं खुंटीवरची टोपी घेतली, जाऊन रस्त्याकडचं दार सताड उघडलं. ऊन आत आलं. पलीकडे पावाच्या दुकानातली बाई पायरी झाडत होती.

"चल," तो म्हणाला. "आत्ता जाऊ. मंडळबिंडळ नको, दोघंच. मला सुरुवात येत नाही, तुला माहीत आहे. तू उचल, मी खालून धरतो."

हाइनर एक पाऊल पुढे आला. खरंच आला. मग त्यानं रस्ता पाहिला, पायरी झाडणारी बाई पाहिली.

"आत्ता? असं दिवसाढवळ्या…" तो मागे सरकत गेला, अंगणाच्या दाराच्या कडीपर्यंत. "कारखाना उघडा टाकून आलोय रे. पुढच्या वेळी, मोरित्स. देवाशपथ. पुढच्या वेळी नक्की."

"पुढच्या वेळी मीच असेन रे," मोरित्स म्हणाला.

अंगणाचं दार हळूच लागलं. मोरित्सनं डोक्यावर टोपी घातली आणि तो रस्त्यावर उतरून एकटाच टेकडीकडे चालू लागला.